चढवून मागितलेलं पाणी

कालव्याच्या ऑफिसात बाईंचं खरं नाव पगाराच्या दिवशी तेवढं कोणाच्या तरी तोंडी यायचं. एरवी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना मागणीबाई म्हणायचे, आणि त्यात चुकीचं काही नव्हतं. बाईंचं कामच मुळी मागायचं. नदी वरच्या देशात उगवायची, तिथल्या डोंगरातल्या धरणात अडायची, धरणाच्या पायथ्याशी असलेल्या वीजघरातून बाहेर पडायची आणि मग या खालच्या सपाट देशात येऊन कालव्यांनी शेतांत पसरायची. वरच्यांना वीज हवी असायची हिवाळ्यात, कारण तिकडची थंडी हाडं गोठवणारी आणि घरं तापायची ती विजेवरच. खालच्यांना पाणी हवं असायचं उन्हाळ्यात. पाणी मात्र एकच. उन्हाळ्यात खाली सोडलं की हिवाळ्यात टर्बाइन फिरवायला ते शिल्लक राहत नाही, एवढं साधं दुखणं होतं.

त्यावर दोन्ही देशांच्या मोठ्या लोकांनी मोठ्या टेबलाभोवती बसून करार केला होता. खालच्यांनी पेरणी ते कापणी दर आठवड्याला आपली गरज कळवावी आणि वरच्यांनी तलावाची पातळी बघून पाणी सोडावं, असं त्यात लिहिलं होतं. किती सोडावं, हे लिहायला कोणी धजलं नाही. ते त्यांनी दोन टेलिफोनांवर सोपवलं आणि सगळे जेवायला गेले. त्यातला खालचा टेलिफोन मागणीबाईंच्या टेबलावर होता.

ती खोली म्हणजे कालव्याच्या तोंडाशी बांधलेल्या ऑफिसचा एक कोपरा. खिडकीखाली कालव्याची लोखंडी दारं. दारं वर-खाली करणारी मोटर सुरू झाली की टेबलावरची काच थरथरायची आणि काचेखालचे फोटो हलायचे. खोलीला कायम ग्रीसचा वास. बाईंनी खुर्चीवर घरून आणलेली उशी ठेवली होती आणि त्या उशीला हात लावायची साहेबांचीही प्राज्ञा नव्हती.

बाई नोकरीला लागल्या तेव्हा आधीच्या हेडक्लार्कने निवृत्त होता होता त्यांना कानमंत्र दिला होता. "खालच्या शाखांकडून आकडा येईल ना, त्यात पाव हिस्सा चढवायचा आणि मग वर मागायचं. ते पाव कापतातच. तू खरं सांगशील, तर खरंच कापलं जाईल."

बाईंनी तो मंत्र तंतोतंत पाळला. वरच्या टोकाला असायचे धरणावरचे दादा. दोन्ही देशांची भाषा एक, शिव्याही त्याच, तेव्हा बोलायची अडचण नव्हती. बाईंनी आकडा सांगितला की दादा आधी एक मोठा उसासा सोडायचे.

"ताई, धरण आहे हे. समुद्र नाही."

"समुद्राचं पाणी खारट असतं दादा, नाहीतर तुमच्या पाया कोण पडलं असतं?"

"एवढं सोडलं तर आम्ही हिवाळ्यात काय एकमेकांना घासून ऊब आणायची?"

मग दोघांची घासाघीस चालायची. बाई रडवेला सूर काढायच्या, दादा तलावाची पातळी सांगायचे, बाई ती खोटी ठरवायच्या आणि शेवटी गाडी बरोबर चढवलेला पाव कापून थांबायची. काम उरकलं की दोघं घरच्या गप्पांना मोकळे व्हायचे. दादांच्या बायकोचं पित्त, बाईंच्या नवऱ्याचे गुडघे, दोघांच्याही सुना, यातलं त्यांना एकमेकांचं सगळं ठाऊक होतं. प्रत्यक्ष भेट मात्र एकदाही झाली नव्हती. आवाजावरून बाईंनी दादांना चांगलं गुटगुटीत करून ठेवलं होतं. ऑफिसात कोणाशी बिनसलं की बाई सरळ म्हणायच्या, "माझं खरं माहेर धरणावर आहे." आणि ते त्या मनापासून म्हणायच्या.

या घासाघिशीबद्दल बाईंच्या मनात कधी किंतु आला नाही. आपण चढवतो हे दादांना कळतं, ते कापतात हे आपल्याला कळतं, दोघंही मुरलेले आहेत आणि पाणी शेवटी नेमकं जेवढं हवं तेवढंच येतं, असं त्या धरून चालल्या होत्या.

मग दादा निवृत्त झाले. शेवटच्या फोनवर त्यांचा आवाज जरा जड होता. "माझ्या जागी एक मुलगी येतेय ताई. इंजिनीअर आहे, हुशार आहे. तुमच्याबद्दल तिला मी सगळं सांगून ठेवलंय."

फोन ठेवल्यावर बाईंचे डोळे भरून आले, पण त्यातही एक धास्ती होतीच. सगळं सांगून ठेवलंय म्हणजे ही पोरगी आता पावाच्या जागी तिसरा हिस्सा कापणार. पुढच्या मोसमाचा पहिला फोन करताना बाईंनी घसा खाकरला, रडवेला सूर जुळवला आणि आकडा सांगितला.

"बरं," पलीकडून इंजिनीअरबाई म्हणाल्या. "सोडते."

बाईंना वाटलं, लाइनच कटली. "हॅलो? मॅडम, किती म्हणालात?"

"तुम्ही म्हणालात तेवढं. पुरेल ना ताई?"

झालं! ऑफिसात एकच गलका. साहेब स्वतः खोलीत आले, आजवर कधी पाजला नव्हता तो चहा त्यांनी पाजला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "याला म्हणतात अनुभव. नवीन पोरीला पहिल्याच फटक्यात खिशात घातलं बाईंनी." बाईंना आकाश ठेंगणं झालं. त्यांनी "छे हो, माझं काय त्यात" असं म्हटलं, पण उशी सरळ करून त्या जरा ताठ बसल्या.

पुढच्या आठवड्यातही तसंच झालं आणि त्याच्या पुढच्याही. कालवा काठोकाठ वाहू लागला. बाईंचा नवरा त्याच कालव्यावर पाटकरी होता, म्हणजे कालव्याच्या काठाने सायकलवरून फिरायचं, ज्याची पाळी असेल त्याच्या चारीत पाणी वळवायचं आणि चोरून दार उघडणाऱ्यांशी भांडायचं. एकदा जेवता जेवता तो म्हणाला, "अगं, कशाला एवढं मागतेस? शेतं पिऊन तट्ट झालीत. जादा पाणी आम्ही खारपटाच्या पडीक रानात सोडून देतोय."

"मग सोडा की. कमी पडलं की बोंब मारता, जास्त झालं तरी बोंब मारता."

"बोंब नाही मारत. वाया जातंय ते सांगतोय."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली, हे मान्य करायला हवं. दुसऱ्या दिवशी त्या साहेबांकडे गेल्या आणि म्हणाल्या, या आठवड्यात जरा कमी मागू का? साहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "देतायत तर तुमचं काय जातंय? आज कमी मागाल, तर उद्या तोच आकडा आपल्या गळ्यात बांधतील. आणि मग एखाद्या वर्षी खरंच लागलं म्हणजे?" यात तथ्य होतं, आणि बाईंना ते हवंच होतं. कौतुकाची चटक लागली होती त्यांना. शिवाय ही पोरगी हुज्जत घालत नाही, गप्पाही मारत नाही, तेव्हा फोनवरचा सगळा जीव आता त्या आकड्यातच उरला होता. त्यांनी पाव चढवूनच मागितलं. उन्हाळाभर मागितलं.

हिवाळ्यात मागणी नसते. नुसती तलावाची पातळी विचारून टिपून ठेवायची असते, त्यासाठी फोन करायचा. ऐन थंडीत बाईंनी असाच फोन केला, तर पलीकडचा आवाज चमत्कारिक येत होता.

"मॅडम, बरं नाही का?"

"दात वाजतायत ताई. हातमोजे घालून बसलेय. सकाळी थोडी वीज असते, संध्याकाळी थोडी. तलावच खाली गेलाय, टर्बाइन कशावर फिरवायची? शाळा बंद ठेवल्यात. हॉस्पिटलला तेवढी अखंड देतोय." आणि मग, "वरून माझी चौकशी लागलीय. उन्हाळ्यात एवढं पाणी का सोडलंत म्हणून."

बाई जवळजवळ ओरडल्याच. "मग कापायचं ना हो! दादा कापायचे."

"दादांनीच सांगितलं होतं, कापू नकोस. म्हणाले, ताई मागतील तेवढं द्यायचं, ती बाई उगाच मागणारी नाही. मी जन्मभर कापत आलो, आणि दर उन्हाळ्यात माझ्यापायी त्या शेवटच्या चारीवरच्या म्हातारीचं अर्धं शेत करपलं. ते माझ्या जिवाला लागून राहिलंय, तुझ्या राहू नये. यंदा भिजलं ना ताई तिचं शेत?"

"भिजलं," बाई कशाबशा म्हणाल्या.

"मग ठीक आहे," इंजिनीअरबाई म्हणाल्या, आणि त्या ते उपरोधाने म्हणाल्या नव्हत्या, हेच वाईट होतं.

आता या म्हातारीचं सांगायला हवं. शेवटच्या चारीवर म्हातारीबितारी कोणी नव्हती. नोकरीच्या पहिल्या वर्षी घासाघिशीत हार जायची वेळ आली, तेव्हा बाईंनी ऐन वेळी तिला जन्माला घातली होती. पाणी शेवटच्या चारीपर्यंत पोचत नाही दादा, तिथे एक म्हातारी आहे, एकटी आहे, बादलीने रोपं जगवते. त्या आठवड्यात दादांनी कमी कापलं. मग काय, म्हातारी दरवर्षी कामाला आली. कधी तिचा पाय मोडायचा, कधी तिचा बैल मरायचा. दादा म्हणायचे, "काय ताई, कशी आहे म्हातारी?" आणि बाईंना वाटायचं, काय मुरलेला माणूस आहे, नाटकात बरोबर साथ देतो. हा माणूस खरं मानून बसला होता, हे बाईंच्या ध्यानीमनीही नव्हतं. ज्याला त्या खेळगडी समजत होत्या, तो इतकी वर्षं हळहळत होता.

त्यानंतर बाईंना घास गोड लागला नाही. थंडी सरत आली आणि पेरणी तोंडावर आली. पहिली मागणी जायची होती. चढवून मागावं, तर ती पोरगी म्हातारीच्या नावाने पुन्हा सगळं देऊन टाकेल, तिची नोकरी जाईल आणि पुढच्या हिवाळ्यात वरची पोरंबाळं पुन्हा गारठतील. खरं सांगावं आणि चौकशीच्या धाकाने तिने त्यातलंही कापलं, तर खालची शेतं खरोखरच वाळतील, आणि गाव बाईंच्या नवऱ्याला कालव्यावर फिरकू देणार नाही. नवरा म्हणाला, "फोन कर आणि सांगून टाक." साहेब म्हणाले, "खबरदार! आपण चढवून मागतो हे एकदा कबूल केलंत, की ते सगळा करार उकरून काढतील. हा देशाचा प्रश्न आहे." बाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. नातेवाईक आजारी असल्याचं सांगून त्यांनी रजा टाकली, आणि ते काही अगदीच खोटं नव्हतं. थंडीने दादांची छाती भरल्याचं इंजिनीअरबाईंच्या बोलण्यात आलं होतं.

दोन देशांमधल्या पुलावरच्या चौकीत पिशवी उघडून दाखवावी लागली. मग धरणाकडे जाणारी दुसरी बस. रस्ता डोंगराला वळसे घेत चढला आणि एका वळणावर उजव्या हाताला तलाव दिसला. ज्याच्याकडे आयुष्यभर मागितलं, तो तलाव बाई पहिल्यांदाच बघत होत्या. पाणी पार तळाशी गेलं होतं. वरच्या काठापासून खालपर्यंत नुसता चिखलाचा सुकलेला पट्टा होता, त्यावर दोन-तीन होड्या कलंडून पडल्या होत्या, आणि लांब, अगदी मध्यभागी, थोडं करडं पाणी. बसमधलं कोणी तिकडे बघतही नव्हतं. बाईंनी मात्र मान वळवून वळवून बघितलं, आणि त्यांना लाज वाटली.

दादांचं घर एका तीनमजली इमारतीत होतं. दार वहिनींनी उघडलं. त्यांच्या अंगात कोट होता, डोक्याला लोकरी टोपी होती. घराच्या दोन खोल्या बंद करून टाकल्या होत्या, तिसरीत दोघं राहत होते. दाराला आतून घोंगडी ठोकलेली, खिडकीच्या फटींत कापडाचे बोळे. पलंगावर एक किडकिडीत म्हातारा पाय पोटाशी घेऊन बसला होता. बाईंना वाटलं, दादांचे वडील असतील.

"कोण आहे गं?" म्हाताऱ्याने विचारलं, आणि त्या आवाजावरून बाईंनी दादांना ओळखलं.

"मी आहे दादा."

"ताई!" दादा पलंगावरून उठायलाच लागले, तेवढ्यात खोकल्याने त्यांना खाली बसवलं. "अहो, या! अगं, ताई आल्या बघ. खालच्या ताई. तुम्ही एवढ्या उंच असाल असं वाटलं नव्हतं हं मला. चहा टाक गं. स्टोव्हवरच टाक."

पहिला घोट होईपर्यंत दादांनी सुनांची चौकशी केली, गुडघ्यांची केली. मग मुद्द्यावर आले. तोंडावर नुसतं हसू. "यंदा म्हातारी खूश असेल, काय?"

बाईंनी कप खाली ठेवला. वाटेत त्यांनी पुष्कळ काही जुळवून ठेवलं होतं, त्यातलं एकही वाक्य कामी आलं नाही. "दादा, म्हातारी नाही हो."

"गेली?"

"नव्हतीच कधी. मी रचलेली. तुम्ही कमी कापावं म्हणून. आणि पाणी मी दर वेळी चढवूनच मागायचे. तुम्हाला माहीत आहे, असं मला वाटायचं. देवाशपथ, मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे."

वहिनी स्टोव्हपाशी उभ्या होत्या, त्या म्हणाल्या, "उन्हाळा आला की यांचं जेवण सुटायचं. पानावरून उठायचे. म्हणायचे, तिकडे ती बादलीने रोपं जगवतेय आणि मी—"

"राहू दे गं," दादा म्हणाले. मग बाईंकडे वळून त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे कोणाचं शेत करपलं नाही?"

"नाही दादा. एकदाही नाही."

दादा हसायला लागले. खोकला येईपर्यंत हसले, खोकल्यानंतर पुन्हा हसले आणि कोटाच्या बाहीने त्यांनी डोळे पुसले. "सुटलो बुवा! अहो, दगड होता हो छातीवर. आणि बैल? बैलही खोटाच?" बाईंनी मान डोलावली आणि त्या ढसाढसा रडल्या. ओरडले असते, घराबाहेर काढलं असतं, तर त्यांना इतकं रडू आलं नसतं.

हसून झाल्यावर दादा जरा सरळ बसले. आता ते पुन्हा धरणावरचे दादा झाले होते. "ठीक आहे. झालं ते झालं. आता पहिली मागणी जाईल तुमची. तलाव तुम्ही येताना बघितलात. त्या पोरीच्या मानेवर तलवार आहे, तिला मी सांगीन ते ती आजही ऐकेल. तेव्हा ताई, घासाघीस नको, रडणं नको. मला एकदाच सांगा. तुम्हाला खरं पाणी किती लागतं?"

बाईंनी सांगायला तोंड उघडलं.

आपला पाव हिस्सा वजा करायचा, हे सोपं होतं. मग उरला तो शाखांकडून आलेला आकडा. पण शाखेतला क्लार्क आपला आकडा फुगवून पाठवतो, कारण साहेब त्याला कात्री लावतात, हे सगळ्या ऑफिसला ठाऊक होतं. शाखेला आकडा देतात पाटकरी. त्यातला एक तर बाईंच्या घरातच होता, आणि पाणी कमी पडलं तर शिव्या मला खाव्या लागतात, म्हणून मी हातचं राखून सांगतो, असं तो बाईंना कितीदा हसत म्हणाला होता. आणि पाटकऱ्याला शेतकरी सांगतो. त्याला एक दिवस पाणी पुरत असलं तरी तो दोन दिवस मागतो, कारण पाळी पुन्हा कधी येईल याचा भरवसा नसतो. जो तो आपल्या जागी शहाणाच होता. प्रत्येकाने थोडं थोडं चढवलं होतं, प्रत्येकाला वाटत होतं की वरचा कापेल, आणि शेतात उभं राहून एका पिकाला खरं किती पाणी लागतं, हे कोणी बघितल्याचं बाईंना काही केल्या आठवेना. कुठून किती वजा करायचं? मागण्यात जन्म गेला, आणि आपण काय मागतोय हे त्यांना माहीत नव्हतं.

"दादा," बाई म्हणाल्या, "मला माहीत नाही."

"अंदाजे सांगा."

"अंदाजेही नाही. आमच्यात कोणालाच माहीत नाही."

आता मात्र दादा हसले नाहीत. खोटेपणावर ते हसले होते, यावर त्यांना हसू आलं नाही. त्यांनी दाराला ठोकलेल्या घोंगडीकडे बघितलं, वहिनींच्या टोपीकडे बघितलं. "खोटं बोललात ते मी समजू शकतो ताई. मीही कापायचोच," ते म्हणाले. "पण मग हा हिवाळा आम्ही काढला तो कशासाठी?"

बाई मान खाली घालून बसल्या. स्टोव्ह विझवून वहिनी पलंगाच्या कडेला येऊन टेकल्या.

मग दादांनी वहिनींना टेलिफोन जवळ ओढायला सांगितला. "पोरीला लाव," ते म्हणाले. "तिला सांग, खालची मागणी यंदा उशिरा येईल, तोवर जेमतेम सोड. ताई शेतांवर मोजायला गेल्यात."

बाईंनी असं काहीच कबूल केलं नव्हतं. पण त्या उठल्या आणि कोटाची बटणं लावू लागल्या.